जुन्या गाडीला बाहेरची कूलंटची बाटली बसवायची असेल तर

मारुती ८००, ओम्नी, जुनी झेन असली गाडी अजून दारात उभी असेल तर एकदा बोनेट उघडून कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची बाटली बघून या. नवीन असताना ती दुधी पांढरी असते, मग पिवळी पडते, मग तपकिरी, आणि शेवटी अंगठ्याने जरा दाबली तरी कडकन तडा जातो. ८०० चं प्रॉडक्शन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात शेवटची ८०० पण आता दहा वर्षांच्या पुढे गेली, प्लॅस्टिक कडक होणारच. कंपनीची बाटली स्पेअरच्या दुकानात मिळत असेल तर डोळे झाकून तीच घ्या आणि हा लेख इथेच सोडा, कारण तिची जागा, क्लिप, पाईप सगळं आपोआप जुळतं. मिळत नसेल, किंवा मूळ ब्रॅकेटच गंजून गेलाय, किंवा मोठी बाटली हवीय, तर मग युनिव्हर्सल, म्हणजे कुठल्याही गाडीला जुळवून घ्यायची बाटली बसवायची वेळ येते आणि तिथेच घोळ सुरू होतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. गरम झाल्यावर बाहेर पडणारं कूलंट घ्यायला कुठलीही बाटली चालते. खरी परीक्षा गाडी गार होताना असते, तेच कूलंट परत रेडिएटरमध्ये, म्हणजे जिथे ते हवेने गार होतं त्या जाळीत, ओढलं गेलं पाहिजे. खालचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

१. तुमच्या गाडीत नक्की कुठली सिस्टिम आहे ते बघा

दोन प्रकार आहेत आणि ह्यात गल्लत झाली तर इंजिन जाऊ शकतं, म्हणून घाई करू नका.

पहिला प्रकार म्हणजे प्रेशरचं झाकण रेडिएटरच्या डोक्यावर, आणि झाकणाच्या मानेतून एक बारीक पाईप बाटलीत गेलेला. बाटलीचं स्वतःचं झाकण साधं, हाताने पटकन उघडणारं. इथे बाटलीत प्रेशर नसतं. ८००, ओम्नी, झेन, होंडा सिटी, टोयोटा क्वालिस ह्या सगळ्या अशाच. हा लेख ह्याच गाड्यांसाठी आहे.

दुसरा प्रकार म्हणजे रेडिएटरवर झाकणच नाही, टाकीवरच आटे असलेलं जाड झाकण, आणि टाकीला दोन-तीन पाईप, त्यातला एक चांगला जाड. फोक्सवॅगन पोलोचा तो गोल गोळा बघितला असेल, किंवा फोर्ड आयकॉनची टाकी. ती टाकी पूर्ण प्रेशरमध्ये काम करते. तिच्या जागी युनिव्हर्सल ओव्हरफ्लो बाटली लावायची नाही म्हणजे नाही. कोणी 'होऊन जाईल साहेब' म्हणालं तरी नाही. उकळतं कूलंट थेट अंगावर येईल. तिथे त्याच मॉडेलची टाकी आणि त्याच मॉडेलचं झाकण लागतं.

२. दोष खरंच बाटलीचा आहे का

बाटली बदलून गाडी गरम व्हायची थांबेल अशी आशा असेल तर थांबा. बाटली फुटली म्हणून कूलंट कमी होतं हे खरं, पण उलटंही असतं, हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक ह्यांच्यामधलं सील) गेलेली असते आणि बाटली बिचारी भरून भरून वाहत असते.

टेस्ट सोपी आहे. इंजिन चालू असताना बाटलीत बघा, सतत एकामागून एक बुडबुडे येत असतील आणि गाडी गरम झाल्यावरही थांबत नसतील तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय. इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला मळकट पांढरा मलईसारखा थर दिसला, किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर आधी चांगल्या मेकॅनिककडे जा. थंडीत सकाळी थोडी वाफ येते ती वेगळी, ती गाडी तापली की जाते.

दुसरी खूण मला सगळ्यात आवडते कारण तिला काहीच लागत नाही. रात्रभर उभ्या गाडीचं बोनेट सकाळी उघडा आणि रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे जाड रबरी पाईप बघा. चपटा झालेला असेल, दोन्ही बाजू आत ओढल्यासारख्या, तर रेडिएटर बाटलीतून कूलंट ओढायचा प्रयत्न करतोय आणि त्याला ते मिळत नाहीये. रेडिएटरच्या झाकणाचा छोटा व्हॉल्व्ह चिकटलाय किंवा बाटलीचा पाईप चोंदलाय. बऱ्याचदा ह्यात बाटली ठणठणीत असते आणि नुसतं झाकण बदलून काम होतं.

३. बाटली विकत घेताना

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, बाकी प्रत्येक शहरात एक स्पेअर पार्टची गल्ली असतेच. ऑनलाइनही ढीगभर दिसतात पण शक्यतो हातात घेऊन बघा.

साइज: कूलंट गार ते गरम होताना साधारण ४-५ टक्के फुगतं. छोट्या गाडीत ४ लिटरच्या आसपास कूलंट धरलं तर २०० मिली बाटलीत येणार-जाणार. त्यात तळाला थोडा साठा हवा आणि वर मोकळी जागा हवी. अर्धा लिटर कमीत कमी, पाऊण ते एक लिटर असेल तर निवांत. दोन लिटरची घेऊन काही जास्त फायदा नाही, जागा खाते फक्त.

मटेरियल: तळाला त्रिकोणातला आकडा बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, चांगलं. २ म्हणजे एचडीपीई, चालतं. १ म्हणजे पीईटी, पाण्याच्या रिकाम्या बाटलीचं प्लॅस्टिक, ते ७०-८० अंशांना मऊ पडतं. रस्त्यावरचा मेकॅनिक तात्पुरती म्हणून पाण्याची बाटली वायरने बांधून देतो आणि ती तात्पुरती बाटली दोन उन्हाळे तशीच लटकलेली असते, हे आपल्याकडे सर्रास. घरी पोचण्यापुरती ठीक, पुढे नाही.

ॲल्युमिनियमच्या चकचकीत बाटल्या दिसायला भारी असतात पण आतली लेव्हल दिसत नाही, बाजूला पारदर्शक नळी असली तरच घ्या. माझं स्पष्ट मत, रोजच्या गाडीला दुधी प्लॅस्टिकच बरं, बोनेट उघडलं की एका नजरेत कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आतली नळी. बऱ्याच स्वस्त बाटल्यांना निपल, म्हणजे पाईप बसवायचं बारीक तोंड, वरती झाकणात असतं आणि आत नळीच नसते, किंवा अर्ध्यापर्यंतच असते. असली बाटली कूलंट घेते, परत देत नाही, गार होताना नुसती हवा ओढली जाते. नळी तळापासून एक-दीड सेंटिमीटर वर संपली पाहिजे आणि टोक तिरकं कापलेलं पाहिजे, म्हणजे तळाला चिकटून बंद होत नाही. नळी नसेल तर बाहेरून आणलेला पाईप आतपर्यंत नेता येतो का ते दुकानातच बघा. किंवा तळाला निपल असलेली बाटली घ्या, मग नळीचा प्रश्नच नाही.

दोन निपल असतील तर खालचं रेडिएटरसाठी, वरचं हवेसाठी. वरच्याला पाईप लावून तो खाली जमिनीच्या दिशेने सोडायचा आणि कधीही बुजवायचा नाही. ठिबकतं म्हणून त्यात बोल्ट कोंबलेल्या गाड्या मी बघितल्यात.

४. सामान

- बाटली, आणि ब्रॅकेट सोबत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून एक इंची ॲल्युमिनियम किंवा लोखंडी पट्टी
- रबरी पाईप साधारण एक मीटर. रेडिएटरच्या निपलवर बसणारा आतला व्यास ६ की ८ मिलिमीटर ते मोजून घ्या, जुन्या पाईपचा तुकडा कापून दुकानात न्यायचा, सगळ्यात सोपं
- होज क्लिप दोन, त्याच साइजच्या. जास्तीची एक घेऊन ठेवा
- नवीन रेडिएटर कॅप म्हणजे रेडिएटरचं झाकण, जुनीवर लिहिलेल्याच प्रेशरची
- १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, कटर, टेप, लागलं तर ड्रिल
- ६ नंबरचे नट-बोल्ट, मोठे वायसर, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) असतील तर उत्तम
- सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे
- कूलंट, डिस्टिल्ड वॉटर, फनेल, एक जुना टब आणि चिंध्या

पाईपमध्ये पैसे वाचवू नका. कूलर किंवा फिश टँकचा पारदर्शक पाईप दिसायला मस्त, आतलं कूलंट दिसतं, पण गरम झाला की मऊ पडतो, ओढ बसली की चपटा होतो आणि काही महिन्यांनी काठीसारखा कडक होऊन निपलवर तडकतो. कूलंटसाठीचा रबरी किंवा सिलिकॉनचा घ्या.

५. जागा ठरवणं

गाडी पूर्ण गार पाहिजे. सकाळी करा, रात्रभर उभी राहिल्यावर. गरम गाडीची रेडिएटर कॅप उघडायची नाही, फडकं टाकून नाही, हळूच नाही, अजिबात नाही. आत प्रेशर असतं, ०.९ बारला साधं पाणी पण ११८ अंशांच्या आसपास उकळतं, झाकण उघडलं की प्रेशर एकदम जातं आणि सगळं एका झटक्यात वाफ होऊन तोंडावर येतं.

मूळ बाटलीची जागा असेल तर तीच पहिली पसंती. नसेल तर हे बघा:

सायलेन्सरच्या गरम पाईपपासून लांब, फॅनच्या पात्यापासून आणि बेल्टपासून लांब, बॅटरीच्या अगदी वर नको. उंचीला बाटली साधारण रेडिएटरच्या मानेच्या आसपास असावी, थोडी खाली असेल तरी व्हॅक्यूम ओढून घेतो. बोनेट बंद होतं का ते बघायला बाटलीच्या डोक्यावर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, बोनेट हळूच बंद करा, उघडा, गोळा किती दबला त्यावरून जागा किती उरली ते कळतं.

बाटलीचं झाकण उघडायला हात जातो ना तेही बघा. हे वाचून हसाल, पण बसवून झाल्यावर झाकण उघडत नाही म्हणून सगळं परत खोललेले लोक आहेत.

शक्यतो आधीचंच भोक, आधीचाच बोल्ट वापरा. नवीन भोक पाडायचंच तर पत्र्याच्या मागे वायरिंग, ब्रेकचा पाईप, एसीचा पाईप आहे का ते हात घालून तपासा. जाड चॅनलमध्ये, म्हणजे पुढच्या चेसिसच्या भागात भोक पाडू नका. एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या क्रॉस मेंबरवर सेन्सर असतो, त्याच्या जवळपास ड्रिल नकोच. पाडलेल्या भोकाच्या कडेला लगेच प्रायमर किंवा गंजरोधक रंग लावा, कोकणात किंवा मुंबईत गाडी असेल तर हे विसरलात की एका पावसाळ्यात तिथून गंज धरलाच समजा.

पट्टी आणि बाटलीच्या मध्ये ट्यूबचा तुकडा घाला. थेट पत्र्यावर घासली तर आपल्या रस्त्यांवर बाटलीला भोक पडायला वेळ लागत नाही. नुसत्या केबल टायवर भरवसा ठेवू नका, इंजिनच्या उष्णतेने त्या ठिसूळ होतात आणि भरलेली बाटली एक किलोच्या घरात जाते.

६. पाईप जोडणं

रेडिएटरच्या मानेवरचं निपल बघा, त्यावर बहुतेक पांढरट-हिरवट कडक खडा जमलेला असतो, वाळलेलं कूलंट. तो गरम पाण्याने आणि बारीक ब्रशने साफ करा, चाकूने खरवडलंत तर निपलवर चरा पडतो आणि तिथून हवा घुसते. आतून एक बारीक तार फिरवून रस्ता मोकळा आहे का बघा.

पाईप नेताना कुठे वळण एकदम कडक नको, दुमडला तर संपलं. जरासा सैल ठेवा कारण इंजिन हलतं, पण इतका नाही की लोंबकळत फॅनकडे जाईल. दोन्ही टोकांना क्लिप. लोक म्हणतात इथे प्रेशर नसतं तर क्लिप कशाला. प्रेशर नसलं तरी ओढ असते, पाईप सैल असेल तर रेडिएटर कूलंटऐवजी तिथूनच हवा ओढतो, बाहेर एक थेंब गळत नाही आणि आत लेव्हल मात्र रोज थोडी थोडी कमी. असला फॉल्ट शोधायला डोकं पिकतं. क्लिप पण पिळून पिळून आवळू नका, रबर कापलं जातं.

७. झाकण

ह्यावर बहुतेक जण एक मिनिटही घालवत नाहीत. रेडिएटर कॅप उलटी करून बघा. खाली स्प्रिंगवरचं मोठं रबर असतं, ते प्रेशर धरतं. त्याच्या मधोमध छोटी चकती असते, ती गार होताना उघडते आणि बाटलीतून कूलंट आत येऊ देते. आणि अगदी वर, झाकणाच्या छताला लागून अजून एक रबर असतं, ते मानेच्या वरच्या कडेवर बसतं. हे वरचं रबर फाटलं असेल किंवा नसेलच, तर रेडिएटर हवा ओढणार, बाटली कितीही भारी लावा.

नखाने ती मधली चकती हलकेच ओढून बघा, सुटून परत बसली पाहिजे. रबर कडक, तडे गेलेलं दिसलं तर बदला, झाकण काही महाग पार्ट नाही.

०.९, १.१ असा आकडा वर लिहिलेला असतो तो बारमध्ये, म्हणजे प्रेशरच्या मापात असतो. जास्त आकड्याचं झाकण लावून गाडी कमी गरम होते असं सांगणारे भेटतील. जुने होज आणि जुना रेडिएटर जास्तीचं प्रेशर सोसत नाहीत, सगळ्यात कमजोर जॉइंट फुटतो, आणि तो घाटातच फुटतो. जो आकडा होता तोच घ्या.

८. भरणं आणि हवा काढणं

कूलंटच्या रंगावरून प्रकार ठरवू नका, हिरवा-हिरवा सारखाच असेल असं काही नाही. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट मिसळली तर काही वेळा आत जेलीसारखा गाळ होतो. आत काय आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नवीन भरा. बोअरचं पाणी नको, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. रेडी मिक्स घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. आपल्याकडे बर्फाची भीती नाही म्हणून लोक एक भाग कूलंट आणि पाच भाग पाणी करतात, मग गंजरोधकाचं प्रमाणच उरत नाही, कूलंट ३० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. लडाखला जाणार असाल तर अर्धं-अर्धं, ते उणे ३५ अंशांच्या पलीकडे गोठतं.

रेडिएटर मानेपर्यंत भरा, झाकण न लावता इंजिन चालू करा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर. वरचा होज हाताने दाबत-सोडत राहा, बुडबुडे येतील, लेव्हल खाली जाईल, परत भरा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा लेव्हल एकदम खाली बसते, घाबरू नका. कूलंट वर फुगून यायला लागलं की झाकण लावा, फॅन एकदा चालू होऊन बंद होऊ द्या. आणि हो, 'आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही' म्हणून काढून टाकलेला असेल तर तो परत बसवा, इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं.

बाटली एक तृतीयांश भरा, जास्त नाही. खुणा नसतील तर मार्करने स्वतः दोन रेघा मारा, गार असतानाची एक आणि गरम झाल्यावरची एक. आणि झाकणावर मोठ्या अक्षरात 'कूलंट' लिहा, कारण शेजारीच वायपरच्या पाण्याची बाटली असते आणि पंपावर मदत करायला आलेला माणूस शॅम्पूचं पाणी कुठल्या बाटलीत ओतेल सांगता येत नाही.

९. चालवून बघणं

अर्धा तास गावातल्या गावात चालवा, तापमानाचा काटा बघत. घरी आल्यावर बाटलीतली लेव्हल चढलेली दिसली पाहिजे. मग गाडी पूर्ण गार होऊ द्या आणि परत बघा, लेव्हल पहिल्या रेघेजवळ उतरली पाहिजे. चढली आणि उतरलीच नाही, तर काम झालेलं नाही. रेडिएटर कॅपचं वरचं रबर, मानेवरची क्लिप, आतली नळी, ह्याच क्रमाने तपासा. पहिल्या दोन-तीन वेळा गरम-गार होताना लेव्हल थोडी जास्त खाली जाते कारण अडकलेली हवा निघते, तेवढं टॉप-अप करायचं. त्यानंतरही रोज कमी होत असेल तर दुसरीकडे गळतंय, वॉटर पंपाखाली आणि आत पायाशी मॅट ओली आहे का ते बघा.

हे सगळं जमेपर्यंत कसारा, खंबाटकी असले घाट टाळा.

१०. सांडलेलं आणि जुनं कूलंट

साधं कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, विषारी, आणि चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात. पार्किंगमध्ये सांडलं तर आधी चिंध्यांनी टिपून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा आणि चिंध्या पिशवीत बांधून टाका. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडात ओतायचं नाही, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, तो जुन्या ऑइलसोबत घेतो का ते आधी विचारून ठेवा. उरलेलं नवीन कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, घरात लहान मुलं असतील तर बिलकुल नाही. मूळ कॅनमध्येच झाकण घट्ट लावून डिकीत ठेवा, सोबत उरलेला पाईपचा तुकडा आणि ती जास्तीची क्लिप.